ठासणीच्या बंदुकीची गवाही

आठवीच्या वर्गात १८५७ चा उठाव शिकवायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली होती, हे मुलांनी घरीही ऐकलेले असते. पण मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतेच, "टीचर, ते दातानेच का तोडायचे? हाताने का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, ते बंदुकीत आहे. त्या काळची बंदूक तोंडाकडून भरायची. शिपायाच्या डाव्या हातात नळी आणि उजव्या हातात कागदाचे काडतूस. दोन्ही हात अडकलेले, म्हणून मोकळा राहतो तो दात. काडतुसाचे टोक फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून गोळीची बाजू नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची. गोळीवरचा कागद घट्ट बसतो. तो सुरळीत सरकावा आणि दारूची काजळी नळीत चिकटून राहू नये म्हणून त्याला चरबी आणि मेण. एवढे सांगितले की मुले गप्प होतात. दीन आणि धरम यांचा प्रश्न किती बारीक जागेवर येऊन उभा राहिला होता, हे त्यांना त्या क्षणी दिसते.

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकते, कारण तशीच एक ठासणीची बंदूक आमच्या घरी आहे. कोकणातल्या आमच्या गावच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, दोन लाकडी खुंट्यांवर ती माझ्या दादीच्या लग्नाआधीपासून आहे. परवाना आधी दादांच्या नावावर होता, आता अब्बांच्या नावावर आहे. त्यावर कारण लिहिलेले आहे : पीक संरक्षण. रानडुकरे भातात शिरत, तेव्हा दादा रात्री माचाणावर ती घेऊन बसत. पण घरात तिची ओळख वेगळीच. थोरले चाचा सांगायचे, "ही गदरची बंदूक. आपल्या खापर पणजोबांनी हिच्यानेच गोऱ्यांवर गोळी झाडली." आम्ही पोरे ती गोष्ट ऐकताना श्वास रोखून बसायचो.

मी दहा वर्षांची असताना धाकट्या फुफीचे लग्न ठरले. पाहुणे येणार म्हणून घराला रंग काढला, आणि थोरल्या चाचांनी ठरवले की भिंतीवरची बंदूकही चमकली पाहिजे. त्यांनी पॉलिश पेपर आणून दोन दिवस नळी घासली. खटक्याची बाजूची लोखंडी पाटी घासली. दस्त्याचे काळपट लाकूड खरवडून त्यावर व्हार्निशचे दोन हात दिले. पितळेचे भाग माझ्या वाटणीला आले. दादी भांडी घासायची त्याच चिंचेने आणि राखेने मी ते घासले. संध्याकाळी बंदूक चांदीसारखी लखलखत होती. सगळ्यांनी वाहवा केली. मलाही शाबासकी मिळाली.

त्या दोन दिवसांत आम्ही काय पुसून टाकले, हे कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली.

बी.एड.ला इतिहासाच्या अध्यापनपद्धतीत साधनांचा एक भाग असतो. लिखित साधने, मौखिक साधने, भौतिक साधने. आमच्या प्राध्यापकांनी घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर टिपण लिहून आणायला सांगितले. मला वाटले, आपल्याकडे तर खजिनाच आहे. सुटीत गावी गेले आणि वही घेऊन बंदुकीसमोर बसले. आणि तेव्हा ध्यानात आले की वाचायचे ते अक्षरच शिल्लक नाही.

इंग्रजांच्या सरकारी बंदुकीवर खूप काही लिहिलेले असते. खटक्याच्या पाटीवर राणीचा मुकुट आणि तिच्या नावाची अक्षरे, बनावटीचे ठिकाण आणि साल. नळीच्या मागच्या टोकाशी तपासणीचे शिक्के. दस्त्याच्या उजव्या अंगाला लाकडात दाबलेला गोल शिक्का. कंपनी सरकारच्या मालावर मुकुट धरलेला उभा सिंह, तर पुढच्या काळातल्या हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाच्या खुणेसोबत आय हे अक्षर. आमच्या बंदुकीच्या पाटीवर मुकुटाची अर्धी कमान आणि 'अठरा'चे दोन आकडे तेवढे उरले होते. पुढचे दोन आकडे चाचांच्या पॉलिश पेपरने नेले होते. दस्त्यावरचा शिक्का व्हार्निशखाली नुसता खळगा होऊन बसला होता.

मग उरलेल्या खुणांवरून वाचायला सुरुवात केली. तीन लोखंडी कड्यांनी दस्त्याला जखडलेली लांब नळी, पितळेची टाच, चापाभोवतीची पितळी कमान, केप बसवायची बोंडी : ही ठेवण एन्फिल्डची. १८५३ साली इंग्रज सैन्याने स्वीकारलेल्या या रायफलीची नळी ३९ इंच, एकूण लांबी साधारण साडेचार फूट, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. नळीचा आतला व्यास इंचाच्या ५७७ सहस्रांश, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. तिचे मर्म मात्र नळीच्या आत. तिथे पीळ घातलेल्या तीन चरी असतात. दारू पेटली की शिशाच्या गोळीची पोकळ बैठक फुगते, या चरींत घट्ट बसते आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. म्हणून ती सरळ आणि दूरवर जाते. आधीच्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. एन्फिल्डच्या नेमपट्टीवर मात्र नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा असत.

मी नळीच्या मागच्या टोकापर्यंत बॅटरीचा उजेड टाकला आणि आत डोकावले. चरी नव्हत्या. नळी आतून सपाट, गुळगुळीत. वाटले, इतकी वर्षे छर्रे ठासून झिजली असेल. पण पट्टीने मोजले तर नळीचे तोंड साडेसोळा मिलिमीटरच्या पुढे. एन्फिल्डपेक्षा दोन मिलिमीटर जास्त. आणि नेमपट्टी? उचलून अंतर लावायची शिडी तिथे नव्हतीच. साधी, जागच्या जागी पक्की बसवलेली खाच होती.

एका गवाहाच्या शब्दावर निवाडा होत नाही. इथे दोन गवाह होते आणि दोघे एकच सांगत होते. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवले की देशी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाच्या तोडीचे हत्यार द्यायचे नाही. म्हणून १८५८ च्या नमुन्याची बंदूक निघाली. बाहेरून हुबेहूब एन्फिल्ड. पण नळीतल्या चरी कोरून काढलेल्या आणि दूरच्या नेमाची पट्टी काढून साधी खाच बसवलेली. कोरल्यामुळे नळ्यांची जाडी कमी होऊन त्या फुगू लागल्या, वाकू लागल्या, म्हणून १८५९ च्या नमुन्यात नळी मुळातच जाड केली. आमची बंदूक या घराण्यातली.

म्हणजे थोरल्या चाचांची गोष्ट खरी नव्हती. ही गदरची बंदूक नव्हे, ती गदरनंतरची. तशीही १८५७ च्या सुरुवातीला एन्फिल्ड फार थोड्या देशी शिपायांच्या हाती पडली होती. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथल्या शिक्षण केंद्रांवर ती शिकवायला नुकती सुरुवात झाली होती. बाकी पलटणी ब्राऊन बेसवरच होत्या. जानेवारीत डमडमहून अफवा निघाली. सरकारने शिपायांना स्वतःचे तूप-मेण लावायची मुभा दिली, दाताऐवजी हाताने फाडायची परवानगी दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मीरतच्या तिसऱ्या घोडदळातल्या नव्वदपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. ९ मे रोजी भर कवायतीच्या मैदानात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. आपल्या मुलुखात ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसावी मुंबई देशी पायदळ पलटण उठली. त्याच वर्षी हत्यारे काढून घेण्याचा कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे देण्याऐवजी लढणे पसंत केले. पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवणे गुन्हा ठरला.

हे सगळे आमच्या नळीच्या आत आहे. विजेत्याने हरलेल्यावर किती अविश्वास ठेवला, याचा पुरावा म्हणून ती सपाट नळी कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा बोलकी आहे. पील कमिशनने १८५९ साली शिफारस केली की बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा असावा, मद्रास आणि मुंबईत तिघांमागे एक. तोफखाना गोऱ्यांच्याच हाती ठेवावा. बंदुकीतही तोच हिशेब. १८६६ नंतर गोऱ्या पलटणींना मागून भरायची स्नायडर मिळाली. १८७१ साली मार्टिनी-हेन्री स्वीकारली गेली, तेव्हा गोऱ्यांची उतरलेली स्नायडर देशी पलटणींकडे आली. शिपाई कायम एक पायरी मागे.

मी हे अब्बांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गदरची नाही तर नाही. पण भाईला सांगू नकोस." थोरले चाचा तेव्हा हयात होते. मी सांगितले नाही. आज ते नाहीत, म्हणून लिहिते आहे. बाप-दादांनी बंड केले असे सांगायला कुणाला आवडत नाही? आपल्या देशप्रेमाचा दाखला वारंवार मागितला जातो, तेव्हा तर घरातली बंदूक गदरचीच असावी असे फारच वाटते. पण खोट्या दाखल्यापेक्षा खरी गवाही मोठी. जिच्या चरी सरकारने कोरून काढल्या, अशी बंदूक हाती आलेला माणूसही त्याच अन्यायाचा साक्षीदार आहे. त्याला बंडखोर बनवायची गरज नाही.

वाचकहो, असे एखादे हत्यार, तलवार, खंजीर, जुनी बंदूक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. ते चमकवायच्या आधी चार गोष्टी ऐका. जाणकारांकडून मी त्या उशिरा शिकले.

सर्वांत आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार पन्नास-शंभर वर्षे आत राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर मरत नाही. नळीचे तोंड कुणाकडे येणार नाही असे धरून गज हलकेच आत सोडावा, नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरावी, बाहेर काढून तो नळीला बाहेरून लावून पाहावा. टोक बोंडीच्या जागेपर्यंत पोहोचले पाहिजे. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले तर आत काही आहे असे समजून हात लावणे थांबवावे आणि परवानाधारक बंदूक कारागिराला किंवा पोलिसांना कळवावे. घोडा उगाच ओढून सोडू नये, बोंडी फुटते.

दुसरी गोष्ट कायद्याची. जी जुनी बंदूक दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, तिलाच १९५९ चा शस्त्र कायदा लागू होत नाही. झाडता येण्याजोगी असेल तर ती कितीही जुनी असो, परवाना हवाच. परवानाधारकाचा इंतकाल झाला तर वारसाने वेळेत अर्ज करावा. आमच्याकडे सफाई होते ती अब्बांच्या हातून, मी शेजारी बसून वही लिहिते. आणि शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी तशी लालूच दाखवली तर सावध राहावे.

तिसरी गोष्ट गंज ओळखण्याची. सगळा गंज दुश्मन नसतो. नळीवर बसलेला गुळगुळीत, गडद तपकिरी थर हा काळाने चढवलेला आहे. तो लोखंडाला राखतो आणि वस्तूचे वयही सांगतो. तो काढायचा नाही. संग्राहक त्याच थराची किंमत देतात; घासून पांढऱ्या केलेल्या नळीची किंमत पडते ती कायमची. बोटाला लागणारी केशरी-लाल भुकटी मात्र जिवंत गंज. तेवढ्याच जागी शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा थेंब द्यावा, दिवसभर मुरू द्यावा आणि लाकडाच्या काडीने किंवा तांब्याच्या बोथट पट्टीने हलकेच खरवडावे. तांबे लोखंडापेक्षा मऊ, म्हणून चरा उमटत नाही. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, आम्ल, गंज काढायची औषधे नकोत. खोबरेलही नको. कोकणात सगळे तेच लावतात, पण काही महिन्यांत ते चिकट होते, धूळ धरते. जुन्या पलटणींत बंदुकीला रंगून ऑइल देत. ते ब्रह्मदेशातले खनिज तेलच होते.

नळीच्या आत दारूची काजळी असेल तर ती हवेतला ओलावा ओढते आणि आतून खाते. लाकडी काठीला धुतलेल्या सुती कापडाची चिंधी बांधून, किंचित ओली करून फिरवावी, लगेच कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, शेवटी तेलाची पुसट चिंधी. तेल जास्त झाले तर ते मागे उतरून दस्त्याचे लाकूड कुजवते. म्हणून तेल दिल्यावर बंदूक काही दिवस नळी खाली करून ठेवावी.

पितळेला चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर काही नको. मी केलेली चूक हीच. आंबटाने पितळ उजळते, पण क्षार सांध्यांत राहून लाकूड आणि लोखंड दोन्ही खातात. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरे. लाकडालाही खरवडणे, व्हार्निश, जवसाचे तेल नको. जवसाचे तेल काळे पडते आणि पुन्हा निघत नाही. धूळ मऊ ब्रशने झाडावी. जगभरची संग्रहालये लोखंडावर आणि लाकडावर एका प्रकारच्या सूक्ष्म स्फटिकांच्या मेणाचा पुसट थर देतात. हे मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते हवे तेव्हा काढता येते. जतनाचा पहिला नियम हाच : जे पुन्हा काढता येणार नाही, ते लावू नये. आणि जे पुन्हा लावता येणार नाही, ते काढू नये.

चौथी गोष्ट जागेची. पावसाचे पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, चुलीच्या धुरात किंवा चामड्याच्या पिशवीत बंदूक ठेवू नये. चामडे ओल धरते. उघड्या हाताच्या घामातही मीठ असते, म्हणून सुती हातमोजे घालावेत, नाहीतर हाताळून झाल्यावर पुसून घ्यावे. सफाईच्या आधी प्रत्येक खुणेचा फोटो काढून वहीत तारखेसह नोंद करावी. खराबी जास्त असेल तर स्वतः काही करू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे काम जाणणारी माणसे आहेत, लखनौला त्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अब्बांनी आणि मी मिळून पेच न चावता, नीट बसणाऱ्या पेचकसाने खटक्याची पाटी उतरवली. तिची आतली बाजू थोरल्या चाचांच्या पॉलिश पेपरला सापडली नव्हती. तिथे काळ्या तेलाच्या थराखाली कुणा कारागिराने ठोकलेली दोन बारीक अक्षरे होती. इंग्रज असेल, गरीबही असेल. कुठल्या हिंदी शिपायाच्या खांद्यावर ही जाणार, हे त्याला ठाऊक असायचे कारण नव्हते. अब्बांनी चष्मा वर करून ती अक्षरे पाहिली, तेलाचा बारीकसा हात दिला आणि पाटी परत बसवली. म्हणाले, "हे राहू दे असेच. पोरांना दाखव."

यंदा १८५७ चा धडा आला तेव्हा मी त्या अक्षरांचा आणि सपाट नळीचा फोटो वर्गात नेला. दातांचा प्रश्न आलाच. त्यानंतर एका मुलीने दुसरा विचारला, "टीचर, मग चरी काढल्या हे त्या शिपायाला कळले असेल?" मी म्हटले, पहिली गोळी झाडली तेव्हाच कळले असेल.